मोबाईल आडवा केला की भरलेला फॉर्म का उडतो : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी जळगावला फील्डवर वापरायचे ॲप बनवते, आणि शनिवार-रविवार कॉलेजच्या पोरापोरींना अँड्रॉइड शिकवते. त्यामुळे हा प्रश्न मला दोन्हीकडून येतो, वावरात उभं राहून फॉर्म भरणाऱ्यांकडून पण आणि कोड लिहिणाऱ्यांकडून पण. दोन-अडीच वर्षं व्हॉट्सॲपवर तेच तेच लिहून पाठवतेय म्हणून सगळं एका जागी आणलं. सुरुवातीचे प्रश्न सोपे आहेत, खाली जाल तसे किचकट होतात. एकदा सांगितलेलं परत सांगितलं नाही, गरज आहे तिथं दुसऱ्या प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. ताई, मोबाईल आडा करा तं सगळं उडी गयं, आते काय करू?

मेसेज आला तसाच ठेवलाय, कारण बहुतेक जण असंच विचारतात आणि विचारताना आवाजात अपराधीपणा असतो. तुमचं काही चुकलेलं नाही. सातबाऱ्याचा कागद आडवा असतो, पडलेल्या केळीच्या बागेचा फोटो आडवाच नीट येतो, मग माणूस मोबाईल आडवा करणारच, ते सांभाळायचं काम ॲप बनवणाऱ्याचं आहे. गेलेलं बहुतेक वेळा परत येत नाही, पण पुढचं वाचवता येतं: वरून पट्टी खाली ओढा आणि 'ऑटो रोटेट' बंद करा. नंतर ॲप ज्यांनी दिलं त्यांना नक्की कळवा, आणि कळवताना 'ॲप चालत नाही' एवढंच म्हणू नका, कोणतं पान होतं, सगळे रकाने रिकामे झाले की काहीच झाले, आणि मोबाईल कोणता, एवढं सांगा. काही रकाने राहिले आणि काही गेले हे कळलं तरी चूक कुठं आहे ते अर्धं समजतं, कसं ते प्रश्न ३ मध्ये आहे.

२. नुसता मोबाईल फिरवला, ॲप बंद पण केलं नाही, मग माहिती जातेच कशी?

अँड्रॉइडमध्ये ॲपच्या एका स्क्रीनला साधारणपणे ॲक्टिव्हिटी म्हणतात. मोबाईल फिरला की अँड्रॉइड ती ॲक्टिव्हिटी मोडून टाकतं आणि लगेच नवीन उभी करतं. आपल्याला वाटतं तीच स्क्रीन आडवी झाली, पण आत जुनी गेलेली असते आणि तिच्या जागी दुसरी आलेली असते. हे मुद्दाम केलेलं आहे, कारण आडव्या स्क्रीनसाठी वेगळी मांडणी, वेगळी चित्रं, वेगळी मापं असू शकतात आणि ती सगळी पहिल्यापासून उचलायचा सरळ मार्ग म्हणजे स्क्रीन नव्यानं बांधणं. जुनीच्या पोटात जे काही तुम्ही व्हेरिएबलमध्ये ठेवलं होतं ते तिच्यासोबत जातं. मोडायच्या आधी अँड्रॉइड एकदा विचारतं, 'काही ठेवायचंय का', त्या विचारण्याचं नाव ऑनसेव्हइन्स्टन्सस्टेट, आणि त्यासोबत एक छोटी पिशवी देतं, तिला बंडल म्हणतात. पिशवीत टाकलं तेवढंच पलीकडे पोचतं.

३. नाव आणि मोबाईल नंबर राहतो, पण लागवडीची तारीख जाते. असं अर्धवट का?

हा माझा आवडता प्रश्न आहे, कारण याचं उत्तर समजलं की अर्ध्या तक्रारी आपोआप सुटतात. एडिटटेक्स्ट, म्हणजे टाइप करायचा बॉक्स, स्वतःचा मजकूर आणि कर्सरची जागा स्वतःच बंडलमध्ये टाकतो, चेकबॉक्स आणि रेडिओ बटण आपली खूण टाकतात. अट एकच, त्या व्ह्यूला (स्क्रीनवरचा असा प्रत्येक तुकडा म्हणजे व्ह्यू) आयडी पाहिजे. लेआउटमध्ये (स्क्रीनच्या मांडणीच्या फाईलमध्ये) आयडी लिहायचा राहिला की अँड्रॉइडला परत आल्यावर कळतच नाही की हा मजकूर कोणाचा, म्हणून तो सोडून देतं.

तारखेचं वेगळं आहे. तारीख आपण कॅलेंडरमधून निवडतो आणि ती दाखवायला बहुतेक जण टेक्स्टव्ह्यू (नुसता मजकूर दाखवणारा व्ह्यू) वापरतात, आणि साधा टेक्स्टव्ह्यू आपला मजकूर जपत नाही, कारण त्याच्या हिशोबानं तो मजकूर माणसानं लिहिलेला नाही, प्रोग्रॅमनं लिहिलाय, तर प्रोग्रॅम परत लिहील. त्याला फ्रीझटेक्स्ट ट्रू केलं तर जपतो. पण नुसतं दिसणं जपून भागत नाही, तारखेचं खरं मूल्य तुमच्या व्हेरिएबलमध्ये होतं ते गेलेलंच असतं, मग स्क्रीनवर तारीख दिसते आणि सबमिट केलं की रिकामी जाते. हे तर जास्त वाईट, कारण भरणाऱ्याला कळतच नाही. म्हणून मूल्य जपा, आणि त्याच्यावरून टेक्स्टव्ह्यू भरा.

४. मग नेमकं कुठं काय ठेवायचं? बंडल, व्ह्यूमॉडेल, डेटाबेस, सगळे वेगवेगळं सांगतात.

मी क्लासमध्ये एकच विचारायला लावते: ही गोष्ट किती वेळ जगली पाहिजे?

मोबाईल फिरवण्यापुरती जगायची असेल तर व्ह्यूमॉडेल. गूगलनं २०१७ ला आणलं, आणि ते ॲक्टिव्हिटी मोडून परत उभी राहिली तरी मेमरीत तसंच राहतं, नवीन ॲक्टिव्हिटीला तेच जुनं मिळतं. त्यात मोठी यादी, सर्व्हरवरून आलेली माहिती, चालू असलेलं काम, सगळं चालतं.

ॲप मागे गेलं, मेमरी कमी पडली म्हणून सिस्टिमनं ॲपची अख्खी प्रोसेसच (मेमरीत चालू असलेलं पूर्ण ॲप) मारली आणि माणूस परत आला, तरीही टिकायला पाहिजे असेल तर बंडल, किंवा त्याच्यावरच चालणारं सेव्हडस्टेटहँडल, जे व्ह्यूमॉडेलच्या आतूनच वापरता येतं. यात थोडकंच ठेवायचं, निवडलेल्या गावाचा कोड, फॉर्मचा आयडी, अर्धवट शब्द, असं. अँड्रॉइडच्या माहितीत ५० केबीच्या आत ठेवा असं सांगितलंय (जास्त ठेवलं तर काय होतं ते प्रश्न १५ मध्ये).

आणि माणसानं ॲप बंद केलं, मोबाईल रीस्टार्ट झाला, बॅटरी गेली, दुसऱ्या दिवशी उघडलं, तरी पाहिजे असेल तर डिस्क, म्हणजे मोबाईलची कायमची साठवण. त्यासाठी रूम डेटाबेस, नाहीतर अगदी छोटा फॉर्म असेल तर डेटास्टोअर.

आता माझं मत. पाच-सहा रकान्यांचा लॉगिनसारखा फॉर्म असेल तर पहिले दोन पुरे. पण पंचनामा, पीक पाहणी, आरोग्य सर्वे, असं जिथं माणूस उन्हात उभा राहून वीस मिनिटं भरतो, तिथं डिस्कवर मसुदा ठेवलाच पाहिजे, यात मी तडजोड करत नाही. मे महिन्यात भुसावळ-रावेरकडे दुपारी पारा ४५ च्या आसपास असतो, अशा उन्हात त्याच शेतकऱ्याला तोच गट नंबर, तेच क्षेत्र, तीच झाडांची संख्या परत विचारायला लावणं बरोबर नाही. प्रत्येक अक्षराला लिहू नका, टाइप करणं अर्धा-एक सेकंद थांबलं की लिहा, आणि ऑनस्टॉपमध्ये (स्क्रीन नजरेआड होताना चालणारा कोड) एकदा लिहा.

५. व्ह्यूमॉडेल वापरलंय तरी माहिती जाते. का?

दोन कारणं मी सारखी बघते. पहिलं, व्ह्यूमॉडेलचा क्लास केलाय पण ऑनक्रिएटमध्ये (ॲक्टिव्हिटी उभी राहताना चालणारा कोड) साध्या ऑब्जेक्टसारखा स्वतःच बनवलाय. मग दर वेळी नवीनच बनतो, जपणारं कोणी नसतं. तो व्ह्यूमॉडेलप्रोव्हायडरकडून किंवा कोटलिन भाषेतल्या बाय व्ह्यूमॉडेल्समधून घ्यावा लागतो.

दुसरं, ॲपची प्रोसेसच मेली. व्ह्यूमॉडेल मेमरीत असतं, प्रोसेस गेली की तेही गेलं. आपल्याकडे हे जास्त होतं कारण फील्डवरच्या माणसाकडं दोन-तीन जीबी रॅमचा मोबाईल असतो, मध्येच फोन येतो, व्हॉट्सॲप उघडतो, युट्युब मागे चालू असतं. तुमच्या टेबलावरच्या आठ जीबीच्या मोबाईलवर हे दिसत नाही म्हणून 'माझ्याकडे तर चालतं' असं वाटतं. स्टॅटिक व्हेरिएबल किंवा सिंगलटनमध्ये (अख्ख्या ॲपला मिळून एकच असलेली जागा) ठेवणाऱ्यांचं पण हेच होतं, फिरवल्यावर राहतं म्हणून काम झालं असं वाटतं.

६. फोटो काढायला कॅमेरा उघडला आणि परत आलो तर फॉर्म रिकामा आणि फोटो पण नाही.

हे प्रश्न ५ मधलंच दुसरं कारण, पण वेगळं लिहितेय कारण फील्डच्या ॲपमध्ये सगळ्यात जास्त नुकसान इथंच होतं. कॅमेरा भरपूर मेमरी खातो, त्यामुळे कमी रॅमच्या मोबाईलवर कॅमेरा पुढे आला की मागचं तुमचं ॲप मारलं जातं. त्यात माणूस कॅमेरा आडवा धरतो, म्हणजे परत येताना स्क्रीन पण फिरलेली असते, दोन्ही एकदम.

दोन गोष्टी करा. कॅमेरा उघडायच्या आधी फोटो जिथं जाणार त्या फाईलची युआरआय, म्हणजे पत्ता, सेव्हडस्टेटहँडलमध्ये ठेवा, नाहीतर फोटो डिस्कवर असतो आणि कुठं आहे ते ॲपला माहीत नसतं. आणि रजिस्टरफॉरॲक्टिव्हिटीरिझल्ट हे बटणाच्या क्लिकमध्ये लिहू नका, क्लासच्या वरच कायम नोंदवा, कारण नवीन उभी राहिलेल्या ॲक्टिव्हिटीनं नोंदणीच केली नसेल तर कॅमेऱ्याचं उत्तर घ्यायला कोणी नसतं. कॅमेऱ्याआधी मसुदा डिस्कवर गेलेला असला तर अजून चांगलं.

७. मॅनिफेस्टमध्ये कॉन्फिगचेंजेस लिहिलं की ॲक्टिव्हिटी मोडतच नाही, मग एवढं सगळं कशाला?

मॅनिफेस्ट ही ॲपची माहिती सांगणारी फाईल, आणि कॉन्फिगचेंजेस ही त्यातली यादी, कोणते बदल झाले तरी ॲक्टिव्हिटी मोडू नको याची. प्रत्येक बॅचमध्ये कोणीतरी हे सापडल्यासारखं सांगतं, आणि खरंच, ओरिएंटेशन आणि स्क्रीनसाइज दोन्ही लिहिलं (अँड्रॉइड ३.२ पासून दोन्ही लागतात, एकच लिहून चालत नाही) की फिरवल्यावर मजकूर राहतो. पण मोडायला फिरवणं हे एकच कारण नाही. संध्याकाळी आपोआप डार्क मोड लागला, कोणी सेटिंगमध्ये जाऊन भाषा इंग्रजीवरून मराठी केली, आजोबांना दिसत नाही म्हणून अक्षरं मोठी केली, स्क्रीन अर्धी-अर्धी करून बाजूला कॅल्क्युलेटर उघडलं, या सगळ्यात ॲक्टिव्हिटी परत मोडते. सगळीच नावं यादीत टाकली तर आडव्या स्क्रीनची मांडणी, मराठी अक्षरं, डार्क रंग हे सगळं तुम्हाला स्वतः बदलावं लागतं, आणि प्रोसेस मेली तर ती यादी काहीच कामाची नाही. म्हणजे खरा दोष तसाच राहतो आणि तुम्हाला दिसायचा बंद होतो.

वापरूच नका असं नाही म्हणत. व्हिडिओ, नकाशा, गेम, वेबव्ह्यू, अशा स्क्रीनला ते योग्य आहे, वेबव्ह्यूचं प्रश्न १३ मध्ये आहे.

८. ठीक आहे, मग स्क्रीन उभीच लॉक करते. सर्वे ॲपला आडवं लागतंच कुठं?

छोट्या मोबाईलवर आज चालतं आणि मी स्वतः पण एका ॲपमध्ये केलंय. पण दोन गोष्टी बघा. अँड्रॉइड १६ साठी टार्गेट केलेल्या ॲपमध्ये, ज्या स्क्रीनची लहान बाजू ६०० डीपी (अँड्रॉइडचं स्क्रीन मोजायचं माप) किंवा जास्त आहे, म्हणजे टॅब आणि उघडलेले फोल्डचे मोबाईल, तिथं ही उभ्याची अट सिस्टिम पाळतच नाही, गेम सोडून. सूट मागायची सोय आहे पण ती तात्पुरती आहे. सर्वेला टॅब देत असाल तर ही अडचण येणारच. आणि दुसरं, लॉक केलं तरी डार्क मोड, भाषा, कॅमेरा हे सगळं प्रश्न ६ आणि ७ मधलं तसंच राहतं.

९. तालुका रावेर राहतो पण गाव परत 'गाव निवडा' होऊन जातं.

हा खास आपला प्रश्न, कारण आपल्या प्रत्येक सरकारी-निमसरकारी फॉर्मला जिल्हा, तालुका, गाव अशी साखळी असते. होतं असं: स्क्रीन नव्यानं उभी राहिली, तालुक्याच्या स्पिनरनं (निवडायच्या यादीनं) आपली जागा परत घेतली, आणि जागा घेतली की ऑनआयटमसिलेक्टेड चालतं, जसं काही माणसानंच आत्ता तालुका निवडलाय. त्यात तुम्ही लिहिलेलं असतं की तालुका बदलला की गावांची यादी नव्यानं आणा, आणि नवीन यादी बसली की गाव पहिल्या ओळीवर. म्हणजे माहिती हरवलेली नाही, तुमच्याच कोडनं ती पुसलीय.

उपाय: निवडलेल्या तालुक्याचा आणि गावाचा कोड सेव्हडस्टेटहँडलमध्ये ठेवा. लिसनरमध्ये, म्हणजे त्या ऑनआयटमसिलेक्टेडमध्ये, आधी बघा, आलेला तालुका ठेवलेल्याच तालुक्यासारखा आहे का, असेल तर गाव पुसू नका. गावांची यादी येऊन बसल्यावर ठेवलेल्या कोडचं गाव शोधून निवडा. कितव्या नंबरचं आहे ते ठेवू नका, कारण सर्व्हरवरून यादीचा क्रम बदलला तर खिरोद्याच्या जागी दुसरंच गाव लागेल. नाव पण ठेवू नका, पिंप्री नावाची गावं आपल्याकडे किती आहेत ते तुम्हाला माहीतच आहे. जळगाव जिल्ह्याचेच १५ तालुके, धुळ्याचे ४, नंदुरबारचे ६, एवढ्यात कोडशिवाय भागत नाही.

१०. फिरवल्यावर दोन रकान्यांत एकच मजकूर येतो!

दोघांचा आयडी एकच आहे. बहुतेक एकच छोटा लेआउट इन्क्लूड करून दोनदा वापरलाय, एकदा मालकाच्या नावाला, एकदा कसणाऱ्याच्या नावाला. पिशवीत चिठ्ठी आयडीच्या नावानं ठेवली जाते, दुसऱ्याची पहिल्यावर बसते आणि उघडताना दोघांना तीच मिळते. आयडी वेगळे करा, किंवा त्या बॉक्सची आपोआप जपायची सोय सेव्हइनेबल्ड फॉल्स करून बंद करा आणि मूल्य व्ह्यूमॉडेलमधून भरा.

११. 'आणखी ओळ जोडा' बटणानं जोडलेल्या ओळी सगळ्या जातात.

केळीच्या मृगबागेची एक ओळ, कांदेबागेची दुसरी, खोडव्याची तिसरी, असं जोडत गेलेलं असतं आणि फिरवल्यावर फक्त पहिली उरते. कारण नवीन ॲक्टिव्हिटी लेआउट फाईलमधलं तेवढंच उभं करते, कोडनं जोडलेल्या ओळी तिला माहीत नसतात. काही जण जनरेटव्ह्यूआयडीनं आयडी देतात, पण तो प्रत्येक वेळी वेगळा येतो म्हणून जुळत नाही.

ओळी म्हणजे व्ह्यू असं समजू नका, ओळी म्हणजे यादी. व्ह्यूमॉडेलमध्ये ओळींची यादी ठेवा, प्रत्येक ओळीला स्वतःचा कायमचा आयडी द्या, आणि स्क्रीन त्या यादीवरून काढा. रीसायकलरव्ह्यू (लांब यादी दाखवणारा व्ह्यू) असेल तर टाइप केलेलं अक्षर लगेच यादीत लिहा, नाहीतर मोबाईल न फिरवता नुसतं वर-खाली सरकवलं तरी तिसऱ्या ओळीचं क्षेत्र आठव्या ओळीत दिसायला लागतं, कारण तिथं तोच बॉक्स परत परत वापरला जातो.

१२. मी दुरुस्ती करत होतो, फिरवलं, आणि सर्व्हरवरची जुनीच माहिती परत येऊन बसली.

लाइव्हडेटा किंवा स्टेटफ्लोला (मूल्य बदललं की स्क्रीनला कळवणाऱ्या सोयी) स्क्रीन नव्यानं जोडली गेली की शेवटचं मूल्य लगेच परत मिळतं. तुम्ही त्यात सरळ सेटटेक्स्ट करत असाल तर माणसानं केलेली दुरुस्ती जुन्याखाली दबते. तसंच ऑनरिझ्युममध्ये सेटटेक्स्ट करणाऱ्यांचं, कारण अँड्रॉइड स्वतः मजकूर परत भरतं ते ऑनस्टार्टच्या (स्क्रीन दिसायला लागते) नंतर आणि ऑनरिझ्युमच्या (स्क्रीन वापरायला तयार होते) आधी. याच्या उलट ऑनक्रिएटमध्ये केलेलं सेटटेक्स्ट पुसलं जातं आणि पोरं म्हणतात माझी लाइन चालतच नाही.

सर्व्हरवरून आलेलं आणि माणूस बदलतोय ते, अशी दोन वेगळी मूल्यं ठेवा. सर्व्हरचं आलं की एकदाच, आणि मसुदा रिकामा असेल तरच, मसुद्यात भरायचं. त्यानंतर स्क्रीनला फक्त मसुदा दिसतो. आणि माणूस बदलत असताना सर्व्हरवर खरंच दुसऱ्या कोणी बदल केला असेल तर त्याला दोन्ही दाखवून विचारा, गुपचूप कोणतंच पुसू नका.

१३. आमचा फॉर्म वेबव्ह्यूमध्ये आहे. तिथं काय?

ब्राउझरमध्ये मोबाईल फिरवला तर पान परत लोड होत नाही, पण तुमच्या ॲपमधल्या वेबव्ह्यूमध्ये ॲक्टिव्हिटी मोडली की वेबव्ह्यू पण गेला आणि पान नव्यानं उघडतं. वेबव्ह्यूचं सेव्हस्टेट मागं-पुढं केलेल्या पानांची यादी ठेवतं, भरलेल्या रकान्यांसाठी त्याच्यावर विसंबू नका. इथं कॉन्फिगचेंजेस वापरा. सोबत पानाच्याच जावास्क्रिप्टमधून मसुदा लोकलस्टोरेजमध्ये ठेवा, त्यासाठी वेबव्ह्यूच्या सेटिंगमध्ये डॉमस्टोरेज चालू करावं लागतं, मुळात ते बंद असतं आणि त्यातच पोरांचा दिवस जातो.

१४. सबमिट दाबलं, गोल फिरत होतं, तेवढ्यात मोबाईल फिरला आणि एकाच शेतकऱ्याची दोनदा नोंद झाली.

पाठवायचं काम ॲक्टिव्हिटीच्या लाइफसायकलस्कोपमध्ये असेल तर फिरवल्यावर ते रद्द होतं. पण रद्द होईपर्यंत माहिती सर्व्हरला पोचलेली असू शकते, इकडे मात्र उत्तर आलेलं नसतं, बटण परत चालू दिसतं, आणि माणूस साहजिकच परत दाबतो. काम व्ह्यूमॉडेलस्कोपमध्ये घ्या आणि 'पाठवतोय' ही अवस्था पण व्ह्यूमॉडेलमध्येच ठेवा.

एवढ्यानं भागत नाही, कारण धडगाव-तोरणमाळकडे गेलात की रेंज येते-जाते, आणि पोचलं पण उत्तर आलं नाही हे मोबाईल न फिरवता पण होतं. म्हणून फॉर्म सुरू होतानाच एक युनिक आयडी बनवा आणि तो मसुद्यासोबत डिस्कवर ठेवा. ऑनक्रिएटमध्ये बनवाल तर फिरवल्यावर नवीन बनेल आणि सर्व्हरला वाटेल नवीनच फॉर्म आलाय. सर्व्हरनं तोच आयडी दुसऱ्यांदा आला तर नवीन नोंद न करता 'मिळालं' एवढंच सांगायचं. पाठवायचं काम वर्कमॅनेजरला दिलं तर नेट आल्यावर ते आपोआप जातं, युनिक वर्क म्हणून द्या म्हणजे रांगेत दोनदा लागत नाही.

१५. फोटो असलेल्या फॉर्मवर ॲप मागं टाकलं की क्रॅश होतं, ट्रान्झॅक्शनटूलार्ज असं काहीतरी येतं.

बिटमॅप, म्हणजे मेमरीत उघडलेला फोटो, बंडलमध्ये टाकलाय. बंडल सिस्टिमकडे पाठवायला जो बफर असतो तो १ एमबीचा, आणि तो अख्ख्या प्रोसेसच्या सगळ्या देवाणघेवाणीत मिळून. १२ मेगापिक्सेलचा फोटो मेमरीत उघडला की एका पिक्सेलला ४ बाइट धरून ४८ एमबी होतो, आता तुम्हीच बघा. अँड्रॉइड ७ पासून यावर सरळ क्रॅश होतं. फोटो फाईलमध्ये, बंडलमध्ये फक्त युआरआय.

१६. जेटपॅक कंपोजमध्ये रिमेंबर वापरलंय, नावातच 'लक्षात ठेव' आहे, तरी विसरतं कसं?

जेटपॅक कंपोज म्हणजे लेआउट फाईलऐवजी कोडमध्येच स्क्रीन लिहायची अँड्रॉइडची पद्धत. त्यात रिमेंबर हे स्क्रीन परत परत रंगवली जाते तेवढ्यापुरतं लक्षात ठेवतं, ॲक्टिव्हिटी मोडली की संपलं. रिमेंबरसेव्हेबल वापरा, ते बंडलमध्ये जातं. तुमचा स्वतःचा क्लास असेल तर त्याला पार्सलेबल करा नाहीतर सेव्हर लिहून द्या. कर्सरची जागा पण पाहिजे असेल आणि टेक्स्टफील्डव्हॅल्यू वापरत असाल तर त्याचा तयार सेव्हर आहे, तो द्यावा लागतो.

आता जिथं अनुभवी लोकं पण अडकतात ते. उभ्याला एक मांडणी आणि आडव्याला दुसरी अशी इफ-एल्स लिहिली आणि दोन्ही फांद्यांच्या आत वेगवेगळं रिमेंबरसेव्हेबल ठेवलं, तर फिरवल्यावर जातं. कारण कंपोज त्याला कोडमधल्या जागेवरून ओळखतं, आणि जागा बदलली. ते इफच्या वर काढा आणि दोन्ही फांद्यांना तेच द्या.

१७. फ्लटर, रिॲक्ट नेटिव्ह, आयफोन यांत पण असंच होतं का?

फ्लटर आणि रिॲक्ट नेटिव्ह ही एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीची ॲप बनवायची साधनं. त्यांच्या तयार प्रोजेक्टमध्ये कॉन्फिगचेंजेस आधीच लिहिलेलं असतं, म्हणून फिरवल्यावर ॲक्टिव्हिटी मोडत नाही. तरी फ्लटरमध्ये जातं ते बहुतेक टेक्स्टएडिटिंगकंट्रोलर बिल्डच्या आत बनवल्यामुळे, तो स्टेटमध्ये एकदाच बनवा आणि डिस्पोजमध्ये सोडा. ओरिएंटेशनबिल्डरमध्ये दोन वेगळी झाडं लिहिली तर प्रश्न १६ सारखंच होतं. प्रोसेस मरण्यासाठी रिस्टोरेशनमिक्सिन आहे.

आयफोनवर फिरवल्यावर व्ह्यू कंट्रोलर मोडत नाही, त्यामुळे ही तक्रार तिकडून फार कमी येते. पण मागं गेलेलं ॲप आयओएस पण मारतं, त्यासाठी आयओएस १४ पासून सीनस्टोरेज आहे.

१८. आडवा केला की कीबोर्ड अख्खी स्क्रीन झाकतो आणि फॉर्म दिसतच नाही, गेला का?

गेला नाही. आडव्यात जागा कमी म्हणून कीबोर्ड एकच मोठा बॉक्स दाखवतो, मागं फॉर्म तसाच असतो. वापरणाऱ्यांनी 'पूर्ण' दाबायचं. बनवणाऱ्यांनी बॉक्सच्या आयएमईऑप्शन्समध्ये फ्लॅगनोएक्स्ट्रॅक्टयुआय टाकायचं. कारण लोक घाबरून बॅक दाबत सुटतात आणि मग खरंच जातं.

१९. बॅक दाबलं तर पण जपायचं का? अँड्रॉइड तर जपत नाही.

बरोबर, बॅक दाबून स्क्रीन बंद केली की ऑनसेव्हइन्स्टन्सस्टेट येत नाही, कारण सिस्टिम समजते की माणसाचं काम झालं. रीसेंटमधून सरकवून काढलं तरी तसंच, पिशवी टाकून दिली जाते. पण घामेजलेल्या हातानं, एका हातात मोजपट्टी धरून चुकून बॅक दाबला जाणं हे रोजचं आहे. प्रश्न ४ मधला डिस्कवरचा मसुदा इथं पण उपयोगी येतो: परत उघडल्यावर 'गट नंबर अमुकचा फॉर्म अर्धा भरलेला आहे, पुढे भरायचा की नवीन?' असं विचारा. आपोआप भरून टाकू नका, नाहीतर मागच्या शेतकऱ्याची माहिती पुढच्याच्या नावावर जाते, हे मी होताना पाहिलंय आणि ते दुरुस्त करायला आठवडा गेला होता.

२०. आधार नंबर, ओटीपी, बँक खातं, हे पण जपायचं?

ओटीपी आणि पिन डिस्कवर अजिबात नाही, परत टाइप करायला चार सेकंद लागतात. आधार आणि खाते नंबर फिरवण्यापुरते व्ह्यूमॉडेलमध्ये ठीक, मसुद्यात ठेवायचेच असतील तर एन्क्रिप्ट करून, आणि फॉर्म पोचला की लगेच पुसून. फील्डवरचा मोबाईल बऱ्याचदा घरातली पोरं पण वापरतात, हे लक्षात ठेवून ठरवा.

२१. हे सगळं बरोबर झालंय हे तपासायचं कसं? फिरवून तर बघितलं.

फिरवणं ही पहिली पायरी. उभ्याचं आडवं करा आणि परत उभं करा, काही चुका दुसऱ्या फेरीतच दिसतात. मग सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करून डेव्हलपर ऑप्शन्स उघडा आणि 'डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज' चालू करा, यानं स्क्रीन सोडली की लगेच मोडते आणि व्ह्यूमॉडेल पण जातं. पण प्रोसेस मरत नाही, स्टॅटिकमध्ये लपवलेलं पकडलं जात नाही, त्यासाठी ॲप मागं टाकून कॉम्प्युटरवरून एडीबीची (केबल जोडून मोबाईलला कमांड द्यायचं साधन) एएम किल कमांड पॅकेजच्या नावासकट द्या आणि रीसेंटमधून ॲप परत उघडा. फोर्स स्टॉप करू नका, त्यात पिशवीच टाकून दिली जाते आणि तुम्हाला चुकीचं उत्तर मिळतं.

टेस्ट लिहीत असाल तर ॲक्टिव्हिटीसिनारिओचं रीक्रिएट आहे, कंपोजला स्टेटरिस्टोरेशनटेस्टर आहे. फॉर्मचा प्रत्येक रकाना भरून, रीक्रिएट करून, प्रत्येक रकाना परत वाचणारी एक तरी टेस्ट ठेवा, नवीन रकाना वाढवला की तीच पहिली पडते.

आणि शेवटी दोन जीबीचा एक जुना मोबाईल घ्या, त्यात व्हॉट्सॲप आणि दोन-तीन जड ॲप चालू ठेवा, दुपारी बाहेर उन्हात जा, आणि कॅमेऱ्यासकट अख्खा फॉर्म एकदा स्वतः भरा.